चिमटा कोणाच्या हाती : सोलमधील एका कोरियन बार्बेक्यू उपाहारगृहाविषयी

कोरियन बार्बेक्यूच्या उपाहारगृहाची पारख बहुतेक जण मांसाच्या प्रतीवरून करतात. सोलच्या मापो भागात, गोंगदोक स्थानकाजवळच्या एका गल्लीतील उपाहारगृहात वेगवेगळ्या वेळी जेवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, टेबलावरच मांस भाजून कापणाऱ्या ज्या माणसाच्या हाती चिमटा आणि कात्री असते, त्याच्यावर त्या जेवणाची चव मांसाइतकीच अवलंबून असते. तेच दुकान, तोच कोळसा आणि तेच मांस असूनही एका दुपारी तिथे मला सोलमधील माझे सर्वांत चांगले जेवण मिळाले आणि एका शुक्रवारी संध्याकाळी करपलेले मांस खावे लागले. त्यामुळे तिथे काय मागवावे याच्याइतकेच तिथे केव्हा जावे, हेही या परीक्षणात सांगणे मला आवश्यक वाटते.

मापो हे हान नदीकाठचे जुने बंदर. डुकराच्या मुरवलेल्या बरगड्या, म्हणजे द्वेजीगाल्बी, आणि डुकराच्या श्वासपटलाजवळचे मांस, म्हणजे गालमेगीसाल, या दोन पदार्थांसाठी हा भाग आजही ओळखला जातो. मी ज्याविषयी लिहीत आहे ते उपाहारगृह अगदी साधे आहे. गोल पोलादी टेबलांच्या मधोमध निखाऱ्यांचे भांडे बसवण्यासाठी खोलगट जागा केलेली आहे आणि प्रत्येक टेबलावर छतातून एक धुराडे लोंबते, जे हवे तेवढे खाली ओढून घेता येते. स्टुलांची झाकणे उघडतात आणि आतल्या पोकळीत कोट व पिशव्या ठेवता येतात. ही सोय पहिल्याच भेटीत वापरावी, कारण धुराडे कितीही चांगले असले तरी चरबीच्या धुराचा वास लोकरीच्या कपड्यांतून लवकर जात नाही. आतल्या कोपऱ्यातील टेबलांवरची धुराडी धूर नीट ओढत नाहीत, म्हणून शक्य असेल तर दाराजवळची जागा मागावी.

मांस वाढपाच्या हिशेबाने, म्हणजे माणशी एक वाढप या मोजणीने मागवायचे असते आणि पहिल्या मागणीत एका प्रकारची किमान दोन वाढपे घ्यावी लागतात. एकट्याने जाणाऱ्याला ही अट जाचक वाटते, पण ती सोलमधील बहुतेक अशा दुकानांत असते. येथे सामग्योप्सालचे, म्हणजे चरबी आणि मांसाचे थर असलेल्या डुकराच्या पोटाच्या तुकड्यांचे, १८० ग्रॅमचे एक वाढप १७,००० वॉनला (वॉन हे कोरियाचे चलन) मिळते. सोलमध्ये २०० ग्रॅम सामग्योप्सालची सरासरी किंमत २०२४ मध्ये २०,००० वॉनच्या पुढे गेली, हे लक्षात घेतले तर हा दर सरासरीपेक्षा किंचित कमीच ठरतो. दुकानागणिक वाढपाचे वजन बदलत असल्यामुळे नुसत्या किमतींची तुलना फसवी असते. मात्र २०१३ पासून कोरियातील उपाहारगृहांना मांसाची दर १०० ग्रॅमची किंमत दाखवावी लागते आणि मांस कोणत्या देशातून आले तेही लिहावे लागते. भिंतीवरचा तो फलक वाचण्यासाठी दोन मिनिटे द्यावीत. देशी आणि आयात केलेल्या मांसाच्या दरांत बराच फरक असतो आणि आपण कशाचे पैसे देत आहोत, हे तिथे स्पष्ट दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. मागणी दिल्यावर कर्मचारी तांबडे झालेले निखारे आणून ठेवतो आणि त्यांवर एका बाजूला उतार असलेला जाड लोखंडी तवा बसवतो. तवा पुरेसा तापेपर्यंत तो मांस टाकत नाही, आणि ही वाट पाहणे फार मोलाचे आहे. कारण मांसाचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्याशिवाय त्याला तो तांबूस रंग आणि खमंगपणा येत नाही, आणि कोमट तव्यावर पडलेले मांस भाजले जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजत राहते. दुपारच्या भेटीत आमच्या टेबलाशी असलेल्या मध्यमवयीन कर्मचारी बाईंनी बोटभर जाडीच्या त्या पट्ट्या तव्यावर ठेवल्या आणि मग बराच वेळ त्यांना हातही लावला नाही. वरच्या बाजूवर रसाचे थेंब चमकू लागल्यावर त्यांनी पट्ट्या उलटल्या, दुसरी बाजूही तशीच रंगू दिली, आणि त्यानंतरच कात्रीने त्यांचे एका घासाचे तुकडे करून कापलेल्या कडा पुन्हा तव्याला टेकवल्या. घाईने आधीच कापलेले मांस कोरडे पडते, कारण प्रत्येक नव्या कडेतून रस निघून जातो. हे त्यांचे काम पाहताना मला जितके स्पष्ट कळले, तितके कोणत्याही वर्णनातून कळले नसते. तव्याच्या उताराने खाली वाहणाऱ्या चरबीत त्यांनी किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, आणि मोड आलेल्या सोयाबीनचे कोंब परतत ठेवले होते. त्या किमचीचा आंबटपणा चरबीत मऊ झाला होता, आणि मांसाच्या बरोबरीने मी तीच पुन्हा पुन्हा मागत राहिलो.

पहिला तुकडा नुसत्या मिठाशी खावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यानंतर लेट्यूसचे पान हातावर घ्यावे, त्यावर पेरिलाचे पान ठेवावे, मग मांस, किंचित साम्जांग (आंबवलेल्या सोयाबीनचे तिखटसर वाटण), लसणाची एक चकती आणि पातीच्या कांद्याची तिखट कोशिंबीर घालून पान मिटावे आणि तो विडा एकाच घासात खावा. दोन घासांत खाऊ पाहिले तर आतले सारे हातावर सांडते आणि चवींचा मेळही मोडतो. पेरिलाच्या पानाचा उग्र सुगंध सर्वांनाच रुचेल असे नाही, पण चरबीदार मांसाला त्याच्यासारखी सोबत दुसरी नाही. ही पाने आणि तोंडीलावणी पुन्हा मागितली तरी त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. येथील मुळ्याच्या पातळ, आंबटगोड चकत्या ताज्या होत्या. किमची मात्र पुरेशी मुरलेली नव्हती आणि न परतता खाताना कच्ची लागली.

गालमेगीसाल हा या दुकानाचा सर्वांत उत्तम पदार्थ आहे. डुकराच्या श्वासपटलाजवळचा हा स्नायू प्रत्येक जनावरातून थोडाच निघतो. त्यात चरबी कमी, रंग गडद आणि चव पोटाच्या मांसापेक्षा कितीतरी ठसठशीत असते. तो तव्यावर न भाजता उघड्या निखाऱ्यांवरील जाळीवर भाजतात, त्यामुळे कोळशाचा वास त्याला थेट लागतो. चरबी कमी असल्याने तो क्षणभर जास्त भाजला गेला तरी चिवट होतो. दुपारी त्या बाईंनी तो अचूक वेळी काढून जाळीच्या कडेला, जिथे आच कमी असते तिथे, सरकवून ठेवला होता आणि आम्ही बोलत बोलत खाल्ला तरी शेवटचा तुकडाही मऊ होता.

शुक्रवारच्या संध्याकाळी मात्र चित्र वेगळे होते. सर्व टेबले भरलेली, दाराबाहेर रांग, आणि एकेका कर्मचाऱ्याकडे इतकी टेबले की कोणालाच एका जागी थांबता येत नव्हते. आम्ही त्या दिवशी द्वेजीगाल्बी मागवली होती. सोया सॉस, साखर, लसूण आणि फळाचा रस यांत मुरवलेले हे मांस न मुरवलेल्या मांसानंतरच खावे, असा प्रघात आहे आणि त्याचे कारण साधे आहे: साखर लवकर जळते आणि जाळीला चिकटून राहते. म्हणूनच मुरवलेले मांस भाजताना ते सारखे उलटावे लागते आणि जाळी मध्येच बदलावी लागते. त्या संध्याकाळी कर्मचाऱ्याने मांस जाळीवर पसरले आणि तो दुसऱ्या टेबलाकडे निघून गेला. टेबलावरची घंटा दाबूनही तो परत येईपर्यंत जाळीवर काळा थर जमला होता आणि मांसाच्या कडा कडू झाल्या होत्या. जाळी बदलली गेली, दिलगिरीही व्यक्त झाली, पण करपलेल्या मांसाचे पैसे तसेच घेतले गेले. ज्या दुकानात भाजण्याचे काम कर्मचाऱ्यांनी आपल्याकडे घेतलेले आहे, तिथे हा दोष मला गंभीर वाटतो. गर्दीच्या वेळी चिमटा स्पष्टपणे ग्राहकाच्या हाती दिला असता, तरी आम्ही तो आनंदाने घेतला असता. पण तो कोणाच्याच हाती नव्हता.

मांस संपल्यावर भात किंवा शेवया मागवण्याची कोरियात रीत आहे. येथील नेंगम्योन, म्हणजे बर्फगार रश्शातील बकव्हीटच्या (कुट्टूच्या) शेवया, बेताच्याच आहेत आणि मोहरी व व्हिनेगर घालूनही त्यांना उठाव येत नाही. त्यापेक्षा तव्यावर उरलेली किमची, चरबी आणि मांसाचे बारीक तुकडे यांत परतलेला भात मागवावा. तो तव्यावर दाबून पसरतात आणि तळाला कुरकुरीत खरपुडी धरेपर्यंत हलवत नाहीत. ती खरपुडी उलथन्याने खरवडून घ्यावी. आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा रस्सा, म्हणजे द्वेंजांग जिगेही चांगला आहे. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी हा रस्सा आणि नेंगम्योन मागवण्यापूर्वी नक्की विचारावे, कारण दोन्हींच्या पाण्यात ते असणे नेहमीचे आहे. शाकाहारी माणसाला मात्र मी येथे नेणार नाही. किमचीतसुद्धा बहुधा माशांचा किंवा कोळंबीचा खारवलेला रस असतो.

दुपारी आम्ही दोघांनी सामग्योप्सालची दोन वाढपे, १८,००० वॉनचे गालमेगीसालचे एक, ३,००० वॉनचा परतलेला भात आणि तेवढ्याच किमतीचा रस्सा घेतला, आणि दारापाशी ५८,००० वॉन चुकते केले. कर किमतीतच धरलेला असतो आणि बक्षिसी देण्याची कोरियात पद्धत नाही. त्या बाईंनी आमच्या टेबलाशी ज्या लक्षाने काम केले ते पाहता ही रक्कम मला मुळीच जास्त वाटली नाही. सोलमध्ये असेन तेव्हा मी या दुकानात पुन्हा जाईन, पण कामाच्या दिवशी आणि दुपारची गर्दी ओसरल्यावर. द्वेजीगाल्बी मागवायची झाली तर ती त्याच वेळी मागवीन, आणि जाळीची पहिली कड काळी पडताच घंटा दाबीन.