सेल्युलाइटसाठी रेटिनॉल क्रीम, कोरडा ब्रश आणि जिम: दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

सेल्युलाइट म्हणजे मांड्या-नितंबांच्या कातडीवर दिसणारे खळगे. निकाल आधी सांगते, कारण बऱ्याच जणींना तेवढाच हवा असतो. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आणि कॅफिन असलेल्या क्रीमने मांड्यांची कातडी मऊ आणि जरा भरीव झाली, उथळ खळगे पुसट झाले. खोल खळगे होते तसेच आहेत. जिममधल्या व्यायामाचा फरक क्रीमपेक्षा जास्त. कोरड्या ब्रशने अंग घासण्याचा फरक काहीच नाही.

दिवाळीनंतर सुरुवात केली, आता आषाढ सरत आलाय. रेटिनॉलबद्दल याआधी लिहिण्यात अर्थ नव्हता. ते काम करतं ते कातडीत नवं कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार व्हायला मदत करून, आणि त्याला महिने लागतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की 0.3 टक्के रेटिनॉल 6 महिने किंवा त्याहून जास्त लावलं तर काहींना थोडा फरक दिसू शकतो. चार आठवड्यांत मांड्या गुळगुळीत, असं डबीवर लिहिलेलं असेल तर ती डबी दुकानातच ठेवा.

विकत घ्यायच्या आधी हे खळगे पडतात कसे ते समजून घ्या, पुढचे पैसे वाचतील. पिंजारी गादीला टाके घालतो तेव्हा टाका कापड खाली ओढून धरतो आणि मधला कापूस वर फुगतो. आपल्या कातडीखाली तसेच घट्ट तंतू असतात, आणि मधल्या जागेत चरबी. बायकांमध्ये हे तंतू बहुतेक उभे, पुरुषांमध्ये तिरपे, एकमेकांना छेदणारे, म्हणून त्यांची चरबी अशी वर येत नाही. न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन डॉक्टरांनी हा फरक 1978 मध्ये मांडला. वयात आलेल्या बायकांपैकी 80 ते 90 टक्के जणींना कुठे ना कुठे सेल्युलाइट असतं. माझी धाकटी बहीण काटकुळी आहे, तिलाही आहे. शरीरात ‘टॉक्सिन’ साचल्यामुळे हे होतं असं सांगून काढे आणि पट्टे विकतात, त्याचा या तंतूंशी काही संबंध नाही.

आता क्रीम. पहिले काही आठवडे मांड्यांना खाज आली, सालं निघाली. मग तीन रात्रींतून एकदा, नंतर एकाआड एक रात्र अशी चढवत नेली, तेव्हा कातडीला सोसली. व्हॅक्सिंग केलं त्या दिवशी अजिबात लावायची नाही, भयंकर झोंबतं. वैशाखात फार चिकट वाटायची, पंख्याखाली वाळू दिल्याशिवाय सलवार घालता यायची नाही. आणि खर्चाचा अंदाज आधी घ्या: दोन्ही मांड्यांना लावायचं म्हणजे चेहऱ्याला महिनोन्‌महिने पुरणारी ट्यूब इथे बघता बघता संपते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल लावू नका. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. पाय उन्हात उघडे राहणार असतील तर सनस्क्रीन लागतंच.

कॅफिनचं काम वेगळं. त्याने त्या भागातलं पाणी थोडा वेळ कमी होतं, म्हणून कातडी ताणल्यासारखी दिसते. लावलं की काही तास बरं दिसायचं, मग पुन्हा तेच. लग्नकार्याला किंवा पोहायला जायच्या दिवशी चालेल, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको. ब्रशने मेलेली कातडी निघते आणि अंग तरतरीत वाटतं, एवढंच. तेलाच्या मालिशचंही तसंच: थोडी सूज आल्यामुळे काही तास खळगे भरल्यासारखे दिसतात. तेल मी तरीही लावते, कारण आवडतं.

व्यायामाबद्दल मात्र मनापासून सांगते. स्क्वॉट, लंजेस, डेडलिफ्ट, हिप ब्रिज, आणि हळूहळू वाढवत नेलेलं वजन. काट्यावर माझं वजन जवळपास तेवढंच आहे, पण खालचा स्नायू भरला आणि वरची कातडी ताठ बसली. भराभर वजन उतरवलेल्या माझ्या मैत्रिणीचं उलटं झालं, कातडी सैल पडून खळगे जास्त दिसायला लागले.

फरक तपासायचा तर फोटो एकाच जागी, एकाच वेळी, एकाच उजेडात काढा. बाजूच्या खिडकीतून उजेड आला की प्रत्येक खळगा उठून दिसतो, समोरून आला की नाहीसा होतो. आधी-नंतरच्या जाहिरातींत पहिल्यांदा उजेडाची दिशाच बघत जा.

आमच्या भागातल्या एका सेंटरमध्ये यंत्राच्या मालिशचं पॅकेज ‘कायमचा इलाज’ म्हणून सांगितलं गेलं, लायपोसक्शनचंही नाव निघालं. मी घेतलं नाही. लायपोसक्शनने चरबी काढली तरी तंतू तिथेच राहतात, कधी खळगे वाढतातही. खोल खळग्यांवर थोडं टिकाऊ काम होतं ते तंतू सुईने किंवा बारीक पात्याने तोडण्याच्या पद्धतीने, आणि ते डॉक्टरांचंच काम आहे. तंतू विरघळवणारं ‘क्वो’ नावाचं इंजेक्शन अमेरिकेत 2020 मध्ये मंजूर झालं होतं. रक्त साकळून पडणारे डाग आणि कातडीचा बदलणारा रंग यामुळे कंपनीनेच 2022 च्या अखेरीस ते थांबवायचं जाहीर केलं. आपल्या सावळ्या कातडीवर असे डाग लवकर जात नाहीत, हे कुठलाही उपचार ठरवताना आधी विचारा.

शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी या खळग्यांपायी पोहायला यायची बंद झाली. इतकं छान पोहते. तिला मी हे सगळं सांगितलं, पुरुषांच्या आणि बायकांच्या तंतूंचं चित्रही काढून दाखवलं. सेल्युलाइटने तब्येतीला काही अपाय होत नाही. पाय दुखत असतील, जराशा धक्क्याने काळेनिळे पडत असतील, दोन्ही पाय जाड होऊनही पावलं बारीकच असतील तर तो लिपेडिमा, म्हणजे पायांत चरबी साचण्याचा आजार, असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. आणि स्तनावरच्या कातडीला असे खळगे दिसले तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही थांबू नका, ते कर्करोगाचं लक्षण असू शकतं.

मी रेटिनॉल चालू ठेवणार आहे, एकाआड एक रात्र. कॅफिनवालं क्रीम संपलं की पुढचं साधं रेटिनॉलचं घेईन, स्वस्त पडतं. जिमचं वर्षाचं भरलंय.