१५५ मिमीच्या चार तोफा: विकत घ्यायची, जोडायची की घडवायची?

गेल्या दहा वर्षांत भारतीय तोफखान्यात १५५ मिमीच्या चार तोफा आल्या किंवा येऊ घातल्या आहेत, आणि चारही वेगवेगळ्या वाटांनी. एम-७७७ अमेरिकेकडून सरकारी व्यवहारात घेतली. के-९ वज्र कोरियन आराखड्यावर गुजरातमधल्या हजीऱ्यात बांधली. धनुष बोफोर्सच्या जुन्या कागदपत्रांवरून जबलपूरला उभी राहिली. अटॅग्जचा आराखडा पुण्यात झाला. चौघींचं कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, एकच, त्यामुळे एरवी घोषणांत हरवून जाणारा 'आयात की स्वदेशी' हा प्रश्न इथे नट-बोल्टच्या पातळीवर तपासता येतो. या परीक्षणाची कसोटी एकच आहे: युद्ध लांबलं आणि परदेशी पुरवठादाराने हात वर केले, तर तोफ किती काळ चालू राहील?

ही कसोटी हवेतून आलेली नाही. मार्च १९८६ मध्ये स्वीडनशी ४१० बोफोर्सचा करार झाला. दलालीचा वाद पेटल्यावर कंपनीशी व्यवहार थांबला आणि सुट्या भागांची आवकही अडखळली. १९९९ मध्ये कारगिलला भिस्त याच तोफांवर होती. त्याच वर्षी तोफखान्याचा मोठा आराखडा ठरला: २०२७ पर्यंत तीन हजारांच्या आसपास तोफा, सगळ्या १५५ मिमी. पुढे २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची डेनेल काळ्या यादीत गेली, २०१२ मध्ये सिंगापूरची एसटी कायनेटिक्स आणि इस्रायलची आयएमआय. दर वेळी निविदा आणि चाचण्या पहिल्यापासून. लोक परदेशी सरकारच्या मनाईलाच आयातीचा धोका समजतात. आपल्या बाबतीत पुरवठा बहुतेकदा आपल्याच निर्णयाने तुटला, आणि तो सांधायला देशात दुसरा कारखाना नव्हता.

एम-७७७ पासून सुरुवात करू. नोव्हेंबर २०१६ मध्ये १४५ तोफा, सुमारे ७३.७ कोटी डॉलर. २५ तयार आल्या, १२० महिंद्राच्या कारखान्यात जोडल्या. वजन फक्त ४.२ टन, कारण सांगाडा टायटॅनियमचा. चिनूक हेलिकॉप्टरखाली टांगून ती जिथे रस्ता नाही अशा पठारावर उतरवता येते, आणि हे काम बाकीच्या तिघींपैकी एकीलाही जमत नाही. नळी ३९ कॅलिबर लांब, म्हणजे १५५ मिमीला ३९ ने गुणा: सहा मीटरच्या थोडी वर. पल्ला साध्या गोळ्याने २४ किलोमीटरच्या आसपास, रॉकेट-साहाय्यित गोळ्याने ३०.

उणीव दुरुस्तीत आहे. टायटॅनियम वेल्ड करताना तापलेल्या जोडाला हवा लागू द्यायची नसते, आर्गॉनचं आवरण धरावं लागतं. नाहीतर जोड ठिसूळ होतो. रेजिमेंटच्या वर्कशॉपमध्ये पोलादी ट्रेल (तोफेचा मागचा पाय) जसा सांधतात तसा हा सांधता येत नाही. आणि हे मोठे भाग बनवणारी मूळ साखळीच मंदावली होती. युक्रेनमध्ये झीज वाढल्यावर २०२४ मध्ये अमेरिकी लष्कराला ती पुन्हा सुरू करण्यासाठी वेगळा करार करावा लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरणला चाचणीत नळी फुटली तेव्हा गोळा भारतीय होता आणि तोफ अमेरिकी. तोफ आणि गोळा वेगळ्या घरचे असले की कारण शोधायलाच महिने जातात. डोंगरासाठी मर्यादित संख्येत घेतलेली ही तोफ योग्य खरेदी आहे. तोफखान्याचा कणा मात्र तिच्यावर उभा करता येणार नाही.

के-९ वज्रची गोष्ट उलट आहे. मे २०१७ चा करार, १०० तोफा, सुमारे ४,५०० कोटी. पहिल्या दहा कोरियातून अर्धवट जोडलेल्या आल्या, उरलेल्या हजीऱ्यात झाल्या, आणि शंभरावी फेब्रुवारी २०२१ मध्ये मुदतीआधी बाहेर पडली. संरक्षण खरेदीत 'मुदतीआधी' हा शब्द किती दुर्मिळ आहे, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. एका तोफेला १३,००० हून अधिक प्रकारचे भाग लागतात आणि ते महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या सुमारे हजार कंपन्यांकडून येतात. पुरवठादारांचं हे जाळं तोफेइतकंच मोलाचं, कारण ऑर्डर संपली तरी टूलिंग आणि हात तयार राहतात. फक्त पुढची ऑर्डर वेळेत यायला हवी. ती आली डिसेंबर २०२४ मध्ये, जवळपास चार वर्षांनी: पुन्हा १००, किंमत ७,६२८.७० कोटी. सरळ भागाकार केला तर तोफेमागे ४५ वरून ७६ कोटी. सलग ऑर्डर न देण्याची किंमत कुठेतरी अशीच चुकती होते.

रणगाड्यासारखी ही ४७ टनांची गाडी वाळवंटासाठी घेतली होती. २०२१ पासून ती लडाखमध्येही आहे, त्यासाठी बॅटऱ्या, तेलं आणि वंगणं थंडीची घालावी लागली. तोफ उत्तमच. अडचण इंजिनात आहे: १,००० अश्वशक्तीचं जर्मन एमटीयू, त्याला अमेरिकी ॲलिसनचा गिअरबॉक्स. जर्मन निर्यात परवाना आडवा आला की मध्यपूर्वेत तोफ विकता येत नाही, हे कोरियाने अनुभवलं आणि त्याच ताकदीचं स्वतःचं इंजिन बनवायला घेतलं. आपणही झोरावर रणगाड्यासाठी जर्मन इंजिनाची वाट पाहून शेवटी अमेरिकी कमिन्स बसवलं. तेजस मार्क-१ए चंही दुखणं तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांची ऑर्डर, ऑगस्टमध्ये ९९ जीई इंजिनांची, आणि पहिलं इंजिन मिळालं मार्च २०२५ मध्ये. ओझरला नवी जोडणी लाइन झाली आहे, पण तिचा वेग इंजिनं किती येतात यावरच ठरणार. इंजिन आणि गिअरबॉक्स आपले होत नाहीत तोवर वज्रला मी 'चांगली बांधलेली आयात' असंच म्हणेन.

धनुषकडे बघताना राग येतो आणि कौतुकही वाटतं. बोफोर्ससोबत तंत्रज्ञानाची बारा हजारांहून अधिक पानं ऐंशीच्या दशकात आपल्याकडे आली होती. त्यांच्यावरून तोफ बनवायला घ्यायला पंचवीस वर्षं गेली. नळी ३९ वरून ४५ कॅलिबरची केली, पल्ला ३८ किलोमीटरपर्यंत नेला, इलेक्ट्रॉनिक साईट आणि नेव्हिगेशन बसवलं. एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा तोफा सोपवल्या. ऑर्डर होती ११४ ची, आणि ती ठरल्या वेळेत पूर्ण झाली नाही.

बिघाड कुठे होतो ते धनुषमध्ये स्पष्ट दिसतं. २०१७ च्या चाचण्यांत गोळा बाहेर पडताना मझल ब्रेकला, म्हणजे नळीच्या तोंडावरच्या धक्का कमी करणाऱ्या भागाला, घासला. नळीची सरळ रेघ, मझल ब्रेकचा मध्य आणि गोळ्याचं संतुलन यांपैकी एकातही अंशभर खोट असली तर हे घडतं, आणि तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कारखान्यांतून येत असतील तर दोष कुणाचा हे ठरवणं कठीण. त्याच वर्षी सीबीआयने गुन्हा नोंदवला: तोफेच्या वायर रेस रोलर बेअरिंगवर जर्मनीचा शिक्का आणि माल चिनी, असा आरोप. एक लहानसं बेअरिंग, पण तोफेची वळण्याची अचूकता त्यावर असते. स्वदेशी तोफेला तिसऱ्या फळीतला व्यापारी असा मारतो, म्हणून स्वीकृती तपासणीत भागाचं मूळ कारखान्याचं प्रमाणपत्र थेट त्या कारखान्याकडून पडताळून घ्यायलाच हवं.

आता अटॅग्ज. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आराखडा केला, भारत फोर्ज आणि टाटा हे दोन उत्पादन-भागीदार. नळी ५२ कॅलिबरची, ८ मीटर ६ सेंटिमीटर. खरा फरक तिच्या मागच्या टोकाला आहे. ५२ कॅलिबरच्या बहुतेक तोफांचं चेंबर, म्हणजे चार्ज (गोळा ढकलणारी दारू) ठेवायची जागा, २३ लिटरचं असतं, हिचं २५ लिटरचं. त्यामुळे चार्ज सहाव्याऐवजी सातव्या झोनपर्यंत नेता येतो (झोन म्हणजे चार्जच्या ताकदीची पायरी). २०१७ मध्ये पोखरणला पल्ला ४८ किलोमीटर भरला तो याच्या जोरावर. गोळे चढवणं, ब्रीच (नळीचं मागचं दार) उघडणं, रोख धरणं हे सगळं विजेवर चालतं. हायड्रॉलिकचं तेल उंचावरच्या थंडीत घट्ट होतं आणि सील गळतात. ती डोकेदुखी इथे नाही. सहा गोळ्यांचं मॅगझिन असल्याने मिनिटाला पाच गोळे सुटतात, आणि तासाभरात साठ हा सलग माऱ्याचा दर.

या जास्तीच्या दोन लिटरचं बिल वजनात चुकवावं लागलं. मोठा चार्ज म्हणजे जास्त दाब, जास्त धक्का, जाड ट्रेल. तोफ १८ टनांच्या आसपास भरते. सपाट राजस्थानात हे खपतं. डोंगरातल्या पुलाचा क्लास (तो किती वजन पेलतो) आणि घाटातलं वळण मात्र आठ मीटर नळीला आणि तिच्या पुढच्या सहाचाकी ट्रॅक्टरला माफ करत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये चाचणीत नळी फुटून चौघे जखमी झाले, त्यानंतर काम रखडलं आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पोखरणला चाचण्या पुऱ्या झाल्या. करार झाला मार्च २०२५ मध्ये: ३०७ तोफा, ३२७ ट्रॅक्टर, सुमारे ६,९०० कोटी, ६० टक्के भारत फोर्जला आणि ४० टक्के टाटाला. ट्रॅक्टरसह तोफेमागे साडेबावीस कोटी. एकाच आराखड्यावर दोन कारखाने ठेवण्याचा निर्णय मला या कराराचा सर्वांत शहाणा भाग वाटतो: एकीकडे संप, आग किंवा खराब फोर्जिंगची लॉट निघाली तरी दुसरी लाइन चालू राहते.

तोफेचा विषय निघाला की दारूगोळा मागे पडतो, आणि युद्धात आधी संपतो तो तोच. १५५ मिमीचा एक गोळा डागायला चार वस्तू लागतात: गोळा, फ्यूज, प्रायमर आणि चार्ज. एक नसली तरी बाकी तीन निरुपयोगी. चार्ज पूर्वी कापडी पिशव्यांत असे, आता बाय-मॉड्युलर असतो: जवळच्या पल्ल्याला एक प्रकारचं मॉड्यूल, लांबच्याला दुसरं, हवी तेवढी एकामागे एक घालायची. त्यासाठी बिहारात नालंदाला कारखाना उभारायचं ठरलं, पायाभरणी १९९९ मध्ये. तंत्रज्ञान डेनेलकडून येणार होतं, ती २००५ मध्ये काळ्या यादीत. मग आयएमआय निवडली, तीही गेली. इमारती उभ्या आणि तंत्रज्ञान नाही, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहिली. शेवटी पुण्याच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेने मॉड्यूल विकसित केलं तेव्हा कारखाना मार्गी लागला. नियोजनाचं चांगलं उदाहरण फ्यूजचं आहे: डिसेंबर २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे युनिटला इलेक्ट्रॉनिक फ्यूजची दहा वर्षांची ऑर्डर दिली, ५,३३६.२५ कोटींची. दहा वर्षांची खात्री असली की कारखाना नवी यंत्रं घेतो आणि सुटे पुरवठादार टिकतात. गोळे आणि चार्ज यांनाही हाच नियम लावायला हवा.

स्वदेशीच्या टक्केवारीबद्दल सावध राहा. २०२० च्या खरेदी नियमावलीत ती किमतीवरून काढतात: मूळ करार-किमतीतून थेट आयात, परदेशी जाणारी रॉयल्टी आणि कर वजा, उरलेल्याला मूळ किमतीने भागायचं. भारतीय आराखड्याच्या गटात किमान ५० टक्के लागतात. समजा तोफ १०० रुपयांची, त्यात परदेशी नेव्हिगेशन संच आणि बेअरिंग मिळून १५ रुपयांचे. कागदावर ८५ टक्के स्वदेशी. ते १५ रुपये अडले तर तोफ शून्य टक्के चालते. म्हणून टक्क्यांपेक्षा हे विचारावं: आराखडा बदलण्याचा हक्क कुणाकडे आहे, नळीचं फोर्जिंग आणि ऑटोफ्रेटाज (आतून प्रचंड दाब देऊन नळी मजबूत करणं) कुठे होतं, अडणारे भाग किती आणि त्यांचा साठा किती महिन्यांचा. अटॅग्जमध्ये ६५ टक्क्यांहून अधिक भाग देशी असल्याचं सरकार सांगतं, आणि त्यात नळी, ब्रीच, मझल ब्रेक आणि रिकॉइल (मागचा धक्का झेलणारी) यंत्रणा येतात. हा आकडा धनुषच्या जाहीर आकड्यापेक्षा कमी आहे, तरीही मी अटॅग्जला वर ठेवेन, कारण आराखडा आपला आहे आणि उरलेले भाग बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

देशाचं एकूण चित्रही याच टप्प्यावर आहे. २०२४-२५ मध्ये संरक्षण उत्पादन १,५०,५९० कोटींचं झालं आणि निर्यात २३,६२२ कोटींची. तरी स्टॉकहोमच्या सिप्री या संशोधन संस्थेच्या हिशेबात २०२०-२४ या काळात भारत जगातला दुसऱ्या क्रमांकाचा आयातदार राहिला: ३६ टक्के रशियाकडून, ३३ फ्रान्सकडून. रशियाचा वाटा उतरला हे बरं, पण एका दुकानाऐवजी दोन-तीन दुकानांतून उधारी घेणं म्हणजे आपलं दुकान टाकणं नव्हे.

पुढची खरेदी समोर आहे: ४०० हलक्या ओढत्या तोफा, त्याही ५२ कॅलिबरच्या आणि भारतीय आराखड्याच्या गटातल्या. वजन उतरवताना चेंबर २३ लिटरचंच राहण्याची शक्यता जास्त. मग सातव्या झोनचा चार्ज या तोफेत चालणार नाही, आणि फायरिंग टेबलं (कोन आणि पल्ल्याचे तक्ते) व नळ्यांचा साठा दुहेरी होईल. लष्कराने निविदेतच अट घालावी की गोळे, फ्यूज, प्रायमर आणि सहाव्या झोनपर्यंतची मॉड्यूलं दोन्ही तोफांत तीच चालतील, मॉड्यूलच्या प्रत्येक पेटीवर कमाल झोन ठळक छापलेला असेल, आणि प्रत्येक रेजिमेंटसोबत बदलीच्या नळ्या पहिल्याच हप्त्यात येतील.