पक्षाघाताच्या रुग्णावर ‘मूलपेशी उपचार’: आमच्या कुटुंबाची झालेली फसवणूक

मोठ्या पक्षाघातातून रुग्ण पहिले काही दिवस तगला, तर पुढच्या आठवड्यांत त्याच्यात थोडीफार सुधारणा बहुधा आपोआपच दिसू लागते. मेंदूची सूज उतरते, रक्त कमी पडल्यामुळे नुसत्या निपचित झालेल्या काही पेशी पुन्हा काम करू लागतात आणि शाबूत राहिलेला भाग गेलेल्या भागाचे थोडे काम अंगावर घेतो. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि त्यानंतर मंदावते, हे मेंदूविकारतज्ज्ञांना माहीत असते. ते रुग्णांच्या नातेवाइकांना लुबाडणाऱ्यांनाही माहीत असते. आईच्या आजारपणात आम्हाला उपचार म्हणून जे विकले गेले, ते तिच्यात तसेही होणारे हे बदलच होते.

आईच्या हृदयाचे ठोके काही काळापासून अनियमित पडत होते. अशा हृदयात रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूकडे जाऊ शकते आणि त्यामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. तिला झटका झोपेत आला. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि येथे सुरुवातीची वेळच कोणाला ठाऊक नव्हती. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूचा इतका मोठा भाग निकामी झालेला दिसला की गुठळी ओढून काढण्याच्या प्रक्रियेचाही लाभ होणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. उजवे अंग लुळे पडले, तिचे बोलणे गेले, आमचे बोलणे तिला समजेनासे झाले आणि गिळता येत नसल्याने नाकातून नळी घालावी लागली. ती जगली तरी पुन्हा उठून बसण्याची शक्यता फार कमी आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला न लपवता आणि घाई न करता सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

स्वतःला ‘समन्वयक’ म्हणवणारा तो गृहस्थ अतिदक्षता विभागाबाहेर माझ्या धाकट्या भावाशेजारी येऊन बसला. त्याने आईच्या स्कॅनमधील तपशील आपणहून सांगितले. ते त्याला कोणी पुरवले, हे आजही आम्हाला कळलेले नाही. “दादा, डॉक्टर हात टेकतात तिथून आमचं काम सुरू होतं,” असे सांगून त्याने चालू-बोलू लागलेल्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून मूलपेशी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या स्टेम सेल, काढून कण्यात सोडायच्या, त्या मेंदूपर्यंत जाऊन मेलेला भाग पुन्हा उभा करतात, असा त्याचा दावा होता. तीन इंजेक्शनांचे सगळे पैसे आगाऊ मागितले गेले, आणि पक्षाघातानंतर जितका उशीर तितका गुण कमी, असे सांगून विचार करायला वेळही दिला गेला नाही. घाबरलेल्या माणसाला घड्याळ दाखवणे हेच त्यांचे मुख्य हत्यार आहे. पक्षाघातात वेळेला खरोखरच महत्त्व असते, पण ते गुठळीवरील तातडीच्या उपचारांबाबत, पहिल्या काही तासांत आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. ते खरे वाक्य उचलून त्यांनी खोट्या उपचाराला जोडले होते.

पहिल्या इंजेक्शनानंतर आई अधिक वेळ डोळे उघडे ठेवू लागली आणि तिच्या उजव्या हाताची बोटे मिटू लागली. ‘समन्वयका’च्या ज्या केंद्रात हे इंजेक्शन दिले गेले, तेथील लोकांनी त्याचे चित्रीकरण केले, आम्हाला दाखवले आणि त्याच बैठकीत पुढच्या ‘वाढीव’ उपचारांची रक्कम सांगितली. लुळ्या पडलेल्या स्नायूंत काही आठवड्यांनी ताठरपणा येतो आणि बोटे आवळली जातात. ती इच्छेने केलेली हालचाल नसते, आणि ताठरपणा वाढू दिला तर हात कायमचा आखडतो, हे आम्हाला नंतर भौतिकोपचारतज्ज्ञांनी समजावले. ज्या चिन्हावर व्यायाम सुरू करायला हवा होता, त्याच चिन्हावर केंद्राने ‘पेशींना विश्रांती’ म्हणून व्यायाम थांबवायला सांगितले होते. सुधारणा दिसली तर श्रेय त्यांचे, आणि नाही दिसली तर मात्रा कमी पडली म्हणून आणखी पैसे, अशी ही रचना होती. त्या रचनेत त्यांचे अपयश सिद्ध होण्याला जागाच ठेवलेली नव्हती.

पैशांपेक्षाही गंभीर अशा दोन गोष्टी आहेत. कण्यात सुई घालायची म्हणून त्यांनी आईची, पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून दिलेली, रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करवली, आणि मूळ डॉक्टरांना हे कळवू नका, ते अहंकारापोटी विरोध करतील, असे बजावले. शिवाय ‘पेशींना बळ देणारे’ एक पेय तोंडावाटे पाजायला दिले. ज्या रुग्णाला गिळता येत नाही, त्याच्या घशातून द्रव थेट फुप्फुसांत उतरू शकतो. घरी येणाऱ्या परिचारिकेने ते पेय पाहताक्षणी थांबवले. पुढे आईचा मृत्यू न्यूमोनियाने झाला. इतक्या मोठ्या पक्षाघातानंतर तो एरवीही होऊ शकतो, त्यामुळे तो केंद्रामुळेच झाला असे मी म्हणत नाही. परंतु तिच्या अखेरच्या आठवड्यांतील कितीतरी वेळ त्या केंद्राच्या खेपांत गेला, आणि तो वेळ आम्ही तिच्या उशाशी बसून घालवू शकलो असतो, ही गोष्ट मला कोणत्याही भरपाईने पुसता येणार नाही.

मूलपेशींवरील संशोधन खरे आहे, पण पक्षाघातावरील सिद्ध उपचार म्हणून ते अजून उभे राहिलेले नाही. 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अशाच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. पक्षाघातानंतर वेगवेगळ्या देशांतील खासगी केंद्रांत त्याच्या कण्यात पेशी सोडल्या गेल्या, पुढे तेथे गाठ वाढली आणि तपासणीत तिच्यातील बहुसंख्य पेशी त्याच्या स्वतःच्या नसून बाहेरून आलेल्या असल्याचे आढळले. प्रामाणिक वैद्यकीय चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत असते, तिला नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी असते, आणि प्रयोगाखालील उपचाराचे पैसे रुग्णाकडून सहसा घेतले जात नाहीत. आमच्याकडून मात्र पूर्ण रक्कम घेतली गेली आणि सहीच्या कागदावर बारीक अक्षरांत ‘स्वेच्छेने प्रायोगिक उपचार’ असे छापलेले होते. तोंडी दिलेल्या खात्रीचा त्यात उल्लेखही नव्हता.

आई गेल्याचे कळवल्यावर केंद्राकडून उत्तर आले ते ‘वाढीव’ उपचारांच्या हप्त्याबद्दल. न दिलेल्या इंजेक्शनांचे पैसे परत मागितल्यावर ‘समन्वयका’चा फोन बंद झाला. तक्रार करताना आमच्या उपयोगी पडले ते भावाने जपून ठेवलेले संदेश, त्यांनी स्वतःच पाठवलेली ती चित्रफीत, गोळी बंद करण्याची त्यांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी आणि बँकेतून रक्कम वळती झाल्याची नोंद. रोख दिलेल्या भागाची पावती त्यांनी दिलीच नव्हती, आणि तो भाग तक्रारीत सिद्ध करणे आम्हाला अद्याप जमलेले नाही. वैद्यक परिषदेकडील आणि पोलिसांकडील तक्रारी चालू आहेत.