गर्भपिशवीच्या गाठीची जीन फ्युजन टेस्ट, जळगावातून केलेली: साडेतीन स्टार

टेस्टला साडेचार, बाकीच्या कारभाराला अडीच, म्हणून सरासरी साडेतीन. लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मला कोणाशी भांडायचं नाही, पण आपल्या खान्देशात कोणाच्या घरी असा कागद आला तर काय विचारायचं ते माहीत असावं म्हणून लिहितोय.

केस अशी की मामी अमळनेरकडची, फायब्रॉइड म्हणून पिशवीचं ऑपरेशन झालं, आणि बायोप्सीत आलं एंडोमेट्रियल स्ट्रोमल सारकोमा. म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराच्या आधारपेशींचा कॅन्सर, दुर्मिळ आहे, आणि बरेचदा फायब्रॉइड समजूनच काढला जातो, त्यात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरची काही चूक नसते. पॅथॉलॉजिस्टला लो ग्रेड की हाय ग्रेड हे नुसत्या स्लाइडवरून ठामपणे सांगता येईना. पेशी ओळखायला स्लाइडवर जे खास रंग लावतात, त्यातला सीडी१० पॉझिटिव्ह होता, सायक्लिन डी१ धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही. मग ऑन्कोलॉजिस्ट म्हणाले फ्युजन पॅनल करून घ्या, म्हणजे एकाच टेस्टमध्ये बरेच जीन तपासायचे. मामीचं म्हणणं, "मनी पिशवी त काढी टाकी ना, मंग आते काय तपासतस?" प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि कलेक्शन सेंटरवरच्या पोराकडे त्याचं उत्तर नव्हतं, तो म्हणे भाऊ ब्लड द्यायला उपाशी यायचं. ब्लड लागतच नाही हो! आम्हाला तरी काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक द्यायचा होता, जो ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असतो आणि लेखी अर्ज केला की मिळतो.

फ्युजन म्हणजे काय ते मला नंतर लॅबच्या काउन्सेलर मॅडमनी फोनवर समजावलं आणि फार छान समजावलं. दोन वेगवेगळे जीन तुटतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. मी मनात म्हटलं, भुसावळ जंक्शनला एका गाडीचे डबे चुकून दुसऱ्या गाडीच्या इंजिनला लागले आणि गाडी तशीच निघाली, असं काहीसं. लो ग्रेड स्ट्रोमल सारकोमात सगळ्यात जास्त सापडणारी जोडी म्हणजे सात नंबरच्या क्रोमोसोमवरचा जेएझेडएफ१ आणि सतरा नंबरवरचा एसयूझेड१२, ही २००१ मध्येच शोधली गेली. हाय ग्रेडमध्ये वायडब्ल्यूएचएई आणि एनयूटीएम२ ची जोडी सापडते, ती २०१२ मध्ये कळली, आणि काहींमध्ये बीकॉर नावाच्या जीनची गडबड असते. हे नुसतं नावांचं कौतुक नाही बरं का. लो ग्रेड हळू वाढतो, बरेचदा हॉर्मोनवर चालतो म्हणून इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या देतात, हाय ग्रेडला केमोचा विचार करतात. म्हणजे या एका कागदावरून मामीला केमो लागणार की गोळी, याचा बराचसा निकाल लागणार होता.

आता त्रास. पहिला ब्लॉक कुरिअरने गेला आणि मग सगळं शांत. मीच फोन केला तेव्हा कळलं की क्यूसी, म्हणजे नमुना टेस्टला चालेल का ही तपासणी, त्यातच फेल; आरएनए (जीनची पेशीतली कॉपी, जी वाचून फ्युजन शोधतात) खराब झालेला. अरे मग कळवायचं ना! पेशंटकडचे लोक रोज मेसेज बघत बसलेत आणि यांच्या सिस्टीममध्ये नुसतं ऑन होल्ड. नशिबाने त्याच ऑपरेशनचा दुसरा ब्लॉक होता, तो पाठवला, जादा पैसे घेतले नाहीत हे मान्य, पण मधला वेळ गेला तो गेलाच.

आरएनए खराब का होतो हेही मॅडमनीच सांगितलं आणि हे प्रत्येकाने ऐकण्यासारखं आहे. काढलेली पिशवी लगेच भरपूर फॉर्मेलिनमध्ये टाकायला हवी, दहा टक्क्यांचं बफर केलेलं, आणि अख्खी पिशवी तशीच न बुडवता चिरून ठेवायला हवी म्हणजे औषध आतपर्यंत जातं. साधारण ६ ते ७२ तास, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. आपल्याकडे छोट्या दवाखान्यात एवढीशी बरणी, त्यात कोंबलेली पिशवी, आणि नातेवाईक ती बरणी थैलीत घालून एसटीने नेतोय हे मी स्वतः बघितलंय. त्यामुळे ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारा, बरणी मोठी आहे ना, कोणत्या लॅबला जाणार, कधी पोचणार. विचारायला लाजू नका.

दुसरी विचारायची गोष्ट, टेस्ट डीएनएवर करता की आरएनएवर. नुसत्या डीएनए पॅनलमध्ये फ्युजन सुटू शकतं कारण तुटण्याची जागा जीनच्या मधल्या लांबलचक भागात कुठेही असू शकते, आरएनएमध्ये जोडलेला तुकडा थेट वाचता येतो. फिश नावाची टेस्ट पण असते, तिच्यात एका वेळी एकच जीन तुटलाय का ते बघतात, डॉक्टरांना एकाच गोष्टीचा पक्का संशय असेल तर तेवढ्यानेही भागतं. आमच्याकडे संशय दोन्हीकडचा होता म्हणून पॅनल. बिल पाच आकडी, मेडिक्लेमवाल्यांनी आधी हे रिसर्च आहे म्हणून हात वर केले, डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर अर्धं दिलं.

रिपोर्ट मात्र एक नंबर. जेएझेडएफ१-एसयूझेड१२ पॉझिटिव्ह, किती रीड्स (म्हणजे ती जोड किती वेळा वाचली गेली), कुठल्या एक्झॉनला (जीनच्या कुठल्या तुकड्याला) जोड, सगळं. एएलके आणि एनटीआरके या जीनची फ्युजन निगेटिव्ह हेही लिहिलेलं, आणि ते का बघतात तर पिशवीत एक वेगळी गाठ होते, इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर, तिच्यात एएलकेचं फ्युजन असतं आणि तिला क्रिझोटिनिब नावाची गोळी चालते, अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाली. एनटीआरके असेल तर लॅरोट्रेक्टिनिब, ती तर २०१८ पासून कुठल्याही अवयवाचा कॅन्सर असो, फ्युजन बघून देतात. आमच्या ऑन्कोलॉजिस्टनी स्लाइड आणि रिपोर्ट शेजारी ठेवून लो ग्रेड म्हटलं आणि लेट्रोझोल, म्हणजे तीच इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, सुरू केली. ब्रेस्ट कॅन्सरला देतात ती टॅमॉक्सिफेन गोळी यात देत नाहीत, हे घरातल्या एका ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या काकूंच्या सल्ल्यानंतर स्पष्ट विचारून घेतलं. हा कॅन्सर दहा वर्षांनीही परत येऊ शकतो म्हणून तपासण्या लांबपर्यंत चालणार.

पण सेंटरवाले ही टेस्ट सगळ्याच बायकांच्या कॅन्सरला लावा असं सुचवतात ते मला पटलं नाही. बाजूला बसलेल्या एका ताईंच्या आईला ओव्हरीचा कॅन्सर, त्यांनाही हेच पॅकेज सांगत होते. ओव्हरीच्या नेहमीच्या हाय ग्रेड सीरस प्रकारात क्रोमोसोमचाच इतका चुराडा असतो की फ्युजन सापडली तरी बरीचशी बिनकामाची, तिथे आधी बीआरसीए जीन आणि एचआरडी (पेशीची डीएनए दुरुस्ती बिघडलीय का) बघतात कारण त्यावर पार्प नावाच्या गटातल्या गोळ्या ठरतात. पिशवीच्या अस्तराच्या नेहमीच्या कॅन्सरला एमएमआर, पी५३, पोल या जीनच्या तपासण्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची गोष्ट तर बहुतेक वेळा एचपीव्ही व्हायरसपासूनच सुरू होते. फ्युजनची खरी गरज सारकोमाला, किंवा स्लाइडवर डॉक्टर अडले तर. आणि निगेटिव्ह आलं म्हणजे सारकोमा नाही असंही नाही, पॅनलमध्ये नसलेली जोडी दिसणारच नाही.

ब्लॉक परत मागून घ्या, पावतीवर लिहून घ्या, आमचा दोनदा आठवण केल्यावर आला. काउन्सेलर मॅडम हिंदीत बोलत होत्या, मामीसाठी मी मधे भाषांतर करत होतो, बाकी रिपोर्ट सगळा इंग्रजीत. पेशंटला समजेल असं एक पान मराठीत जोडलं असतं तर चार स्टार दिले असते.