पाळीची ॲप की कालनिर्णय: वयात आलेल्या मुलीसाठी काय कामाचं?

फ्लो, क्लू यांसारखी पाळीची ॲप आता शाळकरी मुलींच्याही फोनवर असतात. पाळी नियमित असलेल्या बाईला ती बऱ्यापैकी उपयोगी पडतात. पण पाळी सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झालेल्या मुलीला त्यातलं एकच काम उपयोगाचं आहे, ते म्हणजे तारखा जपून ठेवणं. पुढच्या तारखेचा अंदाज आणि त्याच्या सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येत असतील तर पहिल्याच दिवशी बंद कराव्यात.

ॲपचा अंदाज मुख्यतः मागच्या पाळ्यांमधल्या अंतराच्या सरासरीवर चालतो. नोंदी कमी असतील तर 28 दिवसांच्या आसपासचा आकडा धरला जातो. आता एखाद्या मुलीची अंतरं 24, 52, 31 आणि 43 दिवस अशी आली, तर सरासरी निघते साडेसदतीस. यातली एकही पाळी सदतिसाव्या किंवा अडतिसाव्या दिवशी आलेली नाही. तरी ॲप तीच तारीख दाखवणार, ती उलटली की ‘उशीर’ म्हणणार आणि घरात काळजी सुरू होणार. खरं तर सुरुवातीच्या वर्षांत मेंदू आणि बीजकोश यांचा मेळ पुरता बसलेला नसतो. दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसत्या इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकावर वाढत राहतं आणि मग कधीही, कधी उशिरा आणि जास्त, बाहेर पडतं. या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. ‘सुरक्षित दिवस’, म्हणजे गर्भ राहणार नाही असे दिवस, दाखवणारा रंगीत पट्टाही याच कारणाने अजिबात भरवशाचा नाही, आणि हे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

नोंद करताना सर्वांत जास्त गडबड होते ती अंतर मोजण्यात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. पाळी 3 जूनला आली, 8 जूनला थांबली आणि पुढची 20 जुलैला आली, तर अंतर 47 दिवस. थांबल्यापासून मोजलं की 42 येतात आणि 45 च्या वर गेलेली पाळी नजरेतून सुटते. पहिला दिवस कोणता? नुसता डाग दिसला तो नव्हे, पॅड लागेल इतकं जाऊ लागलं तो. मधल्या डागांची पाळी म्हणून नोंद झाली की ॲप एका चक्राची दोन करून टाकतं. एक महिना नोंदवायचा राहिला, तर उलट दोन चक्रांचं एक होतं. गणपतीत किंवा सहलीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही लिहा. गोळ्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव तिचं नेहमीचं अंतर दाखवत नाही.

अंगावरून किती जातं, हे लिहिण्यात बहुतेक ॲप कमी पडतात. कमी, मध्यम, जास्त असे थेंब असतात, पण ‘जास्त’ म्हणजे किती हे मुलीला कुठून कळणार? इथे भिंतीवरचं कालनिर्णय सरस ठरतं. ज्या चौकटींत दुधाचा हिशोब मांडतात, तिथेच ‘5 पॅड, 3 पूर्ण भिजलेले, रात्री कपड्याला डाग’ एवढं मावतं. पॅड साधं की मोठं तेही लिहावं, कारण नुसत्या संख्येवरून अंदाज येत नाही. अडचण एकच: ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. मुलीला संकोच वाटत असेल तर दप्तरात मावणारी छोटी डायरी घ्या.

खासगीपणाचा प्रश्न ॲपलाही आहे, आणि जास्त गंभीर आहे. वापरकर्त्यांची आरोग्याची माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांकडे गेल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्लोवर कारवाई केली आणि 2021 मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. ॲपच हवं असेल तर माहिती फोनमध्येच ठेवणारं ड्रिप बघा. घरात एकच फोन असेल तर युनिसेफचं ओकी बघण्यासारखं आहे. ते मुलींसाठीच बनवलंय आणि एका फोनवर प्रत्येकीचं वेगळं खातं ठेवता येतं.

आता ज्यासाठी ही सगळी नोंद ठेवायची तो भाग. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर ॲप काय म्हणतं हे न बघता डॉक्टरांकडे जा. एकदा जरी 90 दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं. पहिलं वर्ष उलटूनही पाळी 21 दिवसांच्या आत किंवा 45 दिवसांनंतर येत राहिली, तीन वर्षांनंतर 35 च्या पुढे जाऊ लागली. रक्तस्राव सात दिवसांहून लांबला, पॅड दर एक-दोन तासांनी बदलावं लागलं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडल्या. दुखण्यामुळे शाळा बुडू लागली. चेहऱ्यावर राठ केस, खूप मुरुमं किंवा मानेवर काळपटपणा आला. पंधरावं वर्ष पूर्ण होऊनही, किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी पाळी आली नाही, तेव्हाही. पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला पोट दुखतं, हे तर अजिबात अंगावर काढू नका. बाहेर पडायचा मार्ग बंद असल्याने रक्त आतच साठत असू शकतं.

तासाला एक पॅड भिजतंय, असं लागोपाठ दोन तास चाललंय, किंवा चक्कर येतेय, धडधडतंय, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल तर नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं का, दात काढल्यावर ते लवकर थांबलं नव्हतं का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हे आठवून सांगा. रक्त नीट न गोठण्याचा आजार अशा वेळी पहिल्यांदा लक्षात येतो.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयांमधली किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं एक संप्रेरक), आणि पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची तपासणी सांगतील. शेवटची तपासणी नेहमीचाच भाग आहे, मुलीवर संशय घेतला असं समजू नका. आतून तपासणी बहुतेक वेळा लागत नाही. सोनोग्राफी लागलीच तर पोटावरून होते, त्यासाठी लघवी धरून ठेवावी लागते. रिपोर्टमध्ये ‘पॉलिसिस्टिक’ शब्द आला म्हणून घाबरू नका. या वयात बीजकोश तसे दिसणं नेहमीचं आहे, आणि नुसत्या सोनोग्राफीवरून किशोरवयात पीसीओएसचं (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याच्या विकाराचं) निदान करत नाहीत.