नव्या छोट्या ट्रॅक्टरसाठी ऑइल, ग्रीस आणि फिल्टर: कुठे हात आखडायचा, कुठे नाही

छोट्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुधा मीटरवर ५० तास भरले की येते. नवे गिअर एकमेकांवर बसताना जो लोखंडाचा बारीक कीस निघतो तो ट्रान्समिशनच्या फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून इंजिन ऑइलबरोबर तोही बदलायचा असतो. सामान आधीच आणून ठेवलेलं बरं. पण सगळंच महागातलं घ्यायची गरज नाही.

सगळ्यात जास्त घोळ ट्रान्समिशनच्या तेलात होतो. या ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि पुष्कळदा तेलात बुडालेले ब्रेक हे सगळं एकाच तेलावर चालतं. त्यासाठी बनवलेलं तेल म्हणजे यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल). डब्यावर नुसतं ‘हायड्रॉलिक ऑइल’ लिहिलेलं स्वस्त तेल टाकलं तर लिफ्ट उचलेल, काही बिघडलंय असं वाटणारही नाही. ब्रेकच्या प्लेटांना लागणारे घटक मात्र त्यात नसतात, मग पॅडल दाबलं की ब्रेक थरथरतात, किरकिरतात. दुसरा पर्याय एसटीओयू (सुपर ट्रॅक्टर ऑइल युनिव्हर्सल). इंजिनातही तेच, ट्रान्समिशनमध्येही तेच, घरात डबा एकच. सोय खरी, पण ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत त्याला परवानगी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर वेग बदलणारी गाडी असेल तर कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच तेल घ्या, इथे काटकसर नको. आणि यूटीटीओ इंजिनात कधीच ओतू नका. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे.

इंजिन ऑइलला मात्र ब्रँडचं फार कौतुक नको. उष्ण हवेत १५डब्ल्यू-४० (हा तेलाच्या घट्टपणाचा ग्रेड), कडक थंडीत सकाळी स्टार्ट करायचा असेल तर १०डब्ल्यू-३०. डब्यावर एपीआय या संस्थेच्या सीआय-४ किंवा सीके-४ यांपैकी पुस्तिकेत मागितलेला दर्जा दिसला की झालं. एफए-४ लिहिलेला डबा परत फळीवर ठेवा. ते पातळ तेल रस्त्यावरच्या काही नव्या इंजिनांसाठी आहे.

फिल्टरमध्ये माझी वाटणी सरळ आहे: ट्रान्समिशनचा कंपनीचाच, इंजिन ऑइलचा चांगल्या नावाचा बाहेरचा चालेल. एअर फिल्टरचा बाहेरचा कागद आतून बाहेर हलक्या दाबाने हवा मारून काही वेळा वापरता येतो. आतला छोटा फिल्टर झटकायचा नाही, पुसायचा नाही, थेट बदलायचा.

ग्रीस गन घेताना लोक उगाच सगळ्यात मोठी घेतात. लिव्हरची गन जोर भरपूर देते, पण दोन्ही हात तिलाच लागतात. ट्रॅक्टरखाली आडवं होऊन नोझल निपलवर (ग्रीस भरायच्या छोट्या तोंडावर) धरायला तिसरा हात कुठून आणणार? पिस्तुलासारखी गन एका हाताने चालते, दर दाबाला ग्रीस थोडं कमी येतं एवढंच. लवचिक पाइप असलेली पिस्तूल गन ही माझी पसंती. पुढे लोडर (माती उचलायची बकेट) असेल, निपल पंधरा-वीस असतील, तर बॅटरीची गन पैसे वसूल करते. फक्त पीटीओ शाफ्टच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, ट्रिगर धरून बसू नका, सील बाहेर येतं. कडेने जुनं काळं ग्रीस डोकावलं की थांबायचं. आणि गन लावण्याआधी निपल फडक्याने पुसायचं. मी सुरुवातीला हे टाळलं आणि निपलवर वाळलेला चिखल थेट बेअरिंगमध्ये दाबून बसलो.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, घट्टपणाचा ग्रेड एनएलजीआय २, घेतलं म्हणजे जवळपास सगळं भागतं. लोडरच्या पिनांना मॉलीवालं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं) अधिक चांगलं. पॉलियुरियाचं ग्रीस लिथियमवर चढवू नका, दोन्ही मिसळून पातळ होऊन वाहू शकतात.

कुलंट तयार मिसळलेलं घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा. आधी भरलेल्याच प्रकारचं हवं. टायरसाठी कमी दाब नीट दाखवणारा गेज घ्या, ट्रकचा गेज इथे कुचकामी.

एक मार्करही आणा. फिल्टर बसवला की त्याच्या डब्यावर मीटरचे तास लिहून टाका. पुढच्या वेळी वही सापडत नाही, फिल्टर मात्र समोरच असतो.