एलटीओ-8 टेप ड्राइव्ह: पावसाळा आणि लग्नसराई काढल्यानंतर

लग्नं आणि माहितीपट करणारा आमचा मुंबईतला छोटा स्टुडिओ. फुटेजच्या हार्ड डिस्क कपाटात मावेनात, म्हणून मे महिन्यात हा ड्राइव्ह घेतला. कॅसेटसारख्या कार्ट्रिजमधल्या चुंबकीय पट्टीवर तो डेटा लिहितो; एलटीओ हा अशा टेपचा एक प्रकार, आणि 8 ही त्याची पिढी.

खोक्यावरचे 30 टीबी आधी डोक्यातून काढा. डेटा अडीचपट आकसेल असं धरून काढलेला आकडा आहे तो. कॅमेऱ्याचं फुटेज मुळातच कॉम्प्रेस केलेलं असतं, त्यामुळे एका कार्ट्रिजमध्ये 12 टीबीच बसतात. कार्ट्रिज काही हजारांत मिळतं, ड्राइव्हला मात्र लाखांत मोजावे लागतात. त्यावर ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडणाऱ्या सॅस कार्डाचा खर्च वेगळा. पन्नासेक टीबीच्या आत काम भागत असेल तर या भानगडीत पडूच नका.

लिहिण्याचा वेग सेकंदाला 300 एमबी. 960 मीटरची पट्टी 208 फेऱ्या मारते तेव्हा कार्ट्रिज भरतं, त्याला अकरा तास लागतात. संध्याकाळी लावायचं आणि घरी जायचं. पण डेटा तितक्याच वेगाने पोचला पाहिजे. साध्या यूएसबी डिस्कवरून थेट लिहायला गेलात तर डेटा कमी पडतो, पट्टी थांबते, मागे जाते, पुन्हा सुटते. वेळ जातोच, पट्टी आणि हेडही झिजतात. आम्ही सगळं आधी एसएसडीवर घेतो.

2010 साली आलेल्या एलटीएफएसमुळे, म्हणजे टेपवर फायली मांडायच्या पद्धतीमुळे, टेप पेन ड्राइव्हसारखी उघडते, फायली दिसतात. एखादी क्लिप काढायला मिनिटभर थांबावं लागतं. फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही, आणि संग्रहासाठी तेच बरं!

खरी किंमत वसूल होते ती कार्ट्रिज बाहेर काढून ठेवल्यावर. व्हायरस, चुकीचा डिलीट, काहीच तिथवर पोचत नाही. 2011 मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं सॉफ्टवेअरच्या दोषाने गायब झाली, ती गूगलने टेपवरूनच परत आणली. इथल्या दमटपणाची धास्ती होती. एसीच्या खोलीत, सिलिका जेलच्या डब्यात ठेवलेल्या टेप पावसाळ्यानंतर व्यवस्थित वाचता आल्या.

घेण्याआधी पिढ्यांचं गणित नीट बघा. एलटीओ-8 फक्त 7 आणि 8 वाचतो. आमच्या टेप एलटीओ-9 वर चालतील, एलटीओ-10 वर नाहीत. आज नव्याने घेणाऱ्याने 18 टीबीचा एलटीओ-9 बघावा. फक्त कोरं कार्ट्रिज पहिल्यांदा घातलं की तयारीतच दोन तासांपर्यंत जाऊ शकतात, ते धरून कामं लावा.